दोन कुलपं
हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात यंत्रदुरुस्ती शिकणारी डोरीन मेन स्विचपाशी उभी होती. तिचा उस्ताद स्टॅन्को रोलरांच्या जबड्यात शिरून बेअरिंग बदलत होता. तो बाहेर येईपर्यंत वीज कुणी चालू करू नये म्हणून स्विचला दोघांची कुलपं होती. फोरमन केलरने कटर आणून स्टॅन्कोचं कुलूप तोडलं. “तो आत आहे,” ती ओरडली. “तो केव्हाच जेवायला गेला. सरक, माल खोळंबलाय.” कटर तिच्या कुलपाला भिडताच तिने पाना उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. त्याने दुसऱ्या हाताने तिचं डोकं पॅनेलवर आपटलं. रक्ताने डोळे भरले, तरी दुसरा घाव तिने त्याच्या गुडघ्यावर घातला. केलर कोसळला. स्टॅन्को बाहेर आला. “पाना दे, पोरी. मी मारलं म्हणून सांगतो, यंदा निवृत्तच होतोय.” “नको. का मारलं, ते मलाच सांगायचंय.”