सुशीलच्या वाटणीच्या गोळ्या

जुलाब थांबले तशी मालूनं गोळ्या थांबवल्या. उरलेली अर्धी पट्टी तिनं फळीवर, मखराच्या रंगीत कागदांशेजारी ठेवून दिली.

"काकी, डॉक्टर बोलला ना, बरं वाटलं तरी पट्टी संपवायची," शेजारची वनिता म्हणाली. तिनंच मालूला रोह्याला दवाखान्यात नेलं होतं. "पोटातले जंतू अर्धेच मेले तर परत उठतात."

"थांबलंय ना गो पोट? मग उगा कशाला गिळू? ऱ्हाऊ दे, सुशीलला लागतील."

सुशील हा तिचा एकुलता एक. गावच्या विहिरीचं पाणी पिऊनच वाढलेला गडी. पण पनवेलच्या फ्लॅटमध्ये गेल्यापासून तेच पाणी त्याला सोसेनासं झालं. गणपतीला आला की गौरी जेवायच्या आत याचं पोट बिघडलंच म्हणून समजा. मग मालू पेज शिजवायची, गोळी हातावर ठेवायची, उशाशी बसायची. वर्षभरात तो तेवढाच तिच्या वाट्याला यायचा. खरं सांगायचं तर ते बिघडलेलं पोट तिला गोड वाटायचं.

चतुर्थीच्या तोंडावर मालूचं पोट परत उठलं, या वेळी जोरात. अंगात ताप, पायांत त्राण नाही. भिंत धरधरून ती मागच्या दारी जाई.

"गोळ्या घरात हायत नि तू मरायला टेकलीस," वनिता कळवळली.

"त्या सुशीलच्या हायत."

दुपारी फोन वाजला.

"आई, यंदापासून गणपती आम्ही इकडंच बसवतोय. मूर्ती काल हमरापूरवरून आणली. तिकडचं पाणी आता सोसतच नाय मला. जमलं तर ये तू."

अर्ध्या वाटेवरच्या हमरापूरपर्यंत तो आला होता. तिथून वडखळ, नागोठणं, की घर. घरचा गणपती एकदा दुसरीकडे बसला की परत फिरत नाही, हे मालूला ठाऊक होतं. आणि गणपतीवाचून सुशील गावाला कधी आला होता?

"बरं," ती म्हणाली. "मूर्ती नीट धरून नेलीस ना?"

फोन ठेवून ती भिंत धरून फळीपाशी गेली. मखराच्या कागदांशेजारची पट्टी काढली आणि भांडंभर पाण्याबरोबर एक गोळी गिळली.

संध्याकाळी वनिता डोकावली. "घेतलीस? बरं झालं. उद्या परत डॉक्टरला दाखवू. पण या टायमाला पट्टी संपव हां."

"संपवते गो," मालू म्हणाली. "आता उरवायची कुणासाठी?"