तोर्केलचा कप

मंत्री तोर्केलच्या निरोपाला हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा थर दिलेला केक आणला होता. अकरा वर्षांत त्याने तीन खाती बदलली, मजला मात्र हाच. दर मे दिनाला लाल झेंड्यामागे चालत त्याने नफेखोर खासगी वृद्धाश्रमांच्या नावाने बोटं मोडली, आणि आता सोमवारपासून तो तसल्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर रुजू होणार होता.

भाषण नेहमीचंच केलं. "माझी आई फरशा पुसायची. कष्टाची किंमत मी तिच्याकडून शिकलो." सगळ्यांचे डोळे ओले झाले. माझे कोरडेच राहिले, कारण या मंत्रालयाच्या फरशा मी पुसते आणि ते भाषण मला पाठ आहे.

टाळ्या संपल्यावर मी मजल्यावरच्या छोट्या स्वयंपाकघरात होते, तिथे तो आला, कॉफीचा उष्टा कप रोजच्यासारखा सिंकमध्ये ठेवला आणि वळला.

"तोर्केल, कप राहिला," मी म्हणाले.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सिव, तू ना, अगदी माझ्या आईसारखी आहेस." आणि गेला परत लोकांत मिरवायला.

मी कप धुतला नाही. तळाच्या गाळासकट तसाच उचलला. सिंकवरच्या भिंतीला एक पिवळा पडलेला कागद होता, तो काढून त्यात कप गुंडाळला आणि त्याच्या भेटवस्तूंच्या पिशवीत ठेवून दिला. मंत्री झाला त्याच आठवड्यात त्याने तो कागद स्वतःच्या हाताने लिहून फोटोग्राफरांसमोर चिकटवला होता: "आपला कप आपण धुवा. तुमची आई इथे कामाला नाही."