गहाळ बेचाळीस

दोन हजार एक साली कॉलेजात सर्वेक्षणाचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि संशोधक रंजिताची महिनाभराची मोजणी मिनिटात झाली. तिने गावोगाव फिरून विचारलेल्या ‘नवरा मारतो का?’ या प्रश्नावर बेचाळीस बायका गप्प राहिल्या होत्या. सॉफ्टवेअरने त्यांना ‘गहाळ’ ठरवून टक्केवारीतून वगळलं. “बरंच झालं, तक्ता स्वच्छ दिसतो,” मार्गदर्शक सर म्हणाले. रंजिताला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने तिने चोरखमारा गाव गाठलं. त्या बेचाळिसांतली रुक्माबाई धानाच्या बांधीत, घोटाभर चिखलात एकटीच तण निंदत होती. “मावशी, तेव्हा उत्तर काऊन नाही दिलं?” रुक्माबाईने कंबर सरळ केली. “तू माह्या नवऱ्यासमोरच इचारून राहिली होती, पोरी.” रंजिता शरमली. चप्पल बांधावर काढून ती चिखलात उतरली. “आता सांगशील?” रुक्माबाईने चौफेर पाहिलं, पदर सरकवून खांद्यावरचा काळानिळा वळ दाखवला. म्हणाली, “पयले पाह्य, मंग लिव.”