अण्णांचा आवाज

"रेवती, अण्णा बोलेनासे झाले गं," आईनं फोन पुढं केला. अण्णा गेल्यावर घरात तेवढा फोनमधला त्यांचा आवाजच उरला होता.

आई-अण्णांनी एकमेकांना बोलून पाठवायच्या निरोपांसाठी रेवतीनंच फोनमधलं ॲप लिहिलं होतं. निरोपांची रांग दोन्ही टोकांनी उघडी. भरली, की एकीकडून नवा शिरताच दुसरीकडून सर्वांत जुना आपोआप गळायचा.

तिनं रांग तपासली. सगळे निरोप आईचेच. "जेवलात का?" "तुमची जाई फुललीय हो." आई रोज त्यांचा आवाज ऐकायची, उत्तर द्यायची, आणि दर उत्तरासरशी त्यांचा एक निरोप बाहेर पडायचा.

"आई, त्यांचे निरोप पुसले गेले. आता नाही मिळायचे."

"रुसलेत," म्हणत आईनं फोन ओठांशी नेला. "बोला की हो!"

रांगेतून तिचाच सर्वांत जुना निरोप गळाला: "कुठं गेलात?"