घराच्या वतीने

वाल्मीकराव आंघोळ करून आले, ओल्या पंच्यावरच हॉलमधल्या कॉम्प्युटरपुढे बसले, आणि पाहतात तो एकही मेल नाही. असं आजवर घडलं नव्हतं. रोज पहाटे उठून बायकोच्या आधी ते स्वतः मेल उतरवून घेत. पण आज पहाटेच लाइट गेली, आणि आली ती नेमकी ते न्हाणीघरात असताना.

"अगं, आजचे मेल कुठायत?"

"माझ्याकडे पडलेत," स्वयंपाकघरातून मंजुषाताई म्हणाल्या.

घरात कॉम्प्युटर दोन आणि ई-मेलचा पत्ता एक. जो आधी मागेल त्याच्या मशीनवर सगळे मेल उतरायचे, दुसऱ्याला काही उरायचं नाही. दोन्हीकडे दिसतील अशी सोय असते, असं कॉम्प्युटरवाला सांगत होता. "एकाच घरात एका पत्राच्या दोन प्रती कशाला?" असं म्हणून वाल्मीकरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. तहसील कचेरीतून ते निवृत्त झाले होते, कचेरी त्यांच्यातून झाली नव्हती. बायकोचे मेल ते आधी वाचत, छापून घेत आणि वर 'पाहिले' असं लिहून तिला देत. सगळेच देत असं नाही. काही अनावश्यक असत.

ते आत गेले. मिक्सरशेजारच्या कॉम्प्युटरपुढे मंजुषाताई बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"सुरगाण्याच्या संस्थेचा मेल आहे. मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून यायला मी नकार दिला, त्याचं त्यांना वाईट वाटलं म्हणतात. आज दुसऱ्या बाईंना कळवणार आहेत. मलाही वाईट वाटलं. मी नकार दिलाच नव्हता."

"मी दिला. घराच्या वतीनं."

"माझी निवड झाली हे मला सांगितलंसुद्धा नाहीत."

"नकारच द्यायचा होता, तर सांगून तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा?" हा मुद्दा वाल्मीकरावांना बिनतोड वाटला, म्हणून ते पुढे बोलत राहिले. "सुरगाणा म्हणजे काय इथला कॉलेज रोड वाटला? जीपला मागे लोंबकळत जावं लागतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस लाइट नाही."

"आज इथेही नव्हती. बरं झालं."

मंजुषाताई टाइप करू लागल्या.

"काय लिहितेस?"

"वाचून दाखवते. 'अर्ज मी केला होता. नकार माझ्या यजमानांनी दिला. त्यांनी अर्ज केलेला नसल्याने त्यांचा नकार विचारात घेऊ नये. मी सोमवारी हजर होत आहे.'"

वाल्मीकरावांनी मजकूर मनात दोनदा फिरवला. कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. हाताखालच्या एखाद्या कारकुनानं असं लिहिलं असतं तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती.

"मंजू, हा पत्ता घराचा आहे. यावरून जातं ते घराचं मत असतं."

"मग घराचं मत बदललं म्हणायचं."

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. अशी प्रकरणं तोंडी मिटवायची असतात, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. संस्थेच्या सचिवांशी दोन शब्द बोललं की झालं. ते तरातरा हॉलमध्ये आले आणि फोन उचलून कानाला लावला.

फोन किंचाळला. खर्रर्र, च्यांऽऽ, पुन्हा खर्रर्र. घरात फोनला आणि इंटरनेटला मिळून लाइनही एकच होती, आणि त्या क्षणी तिच्यावरून बायकोचं पत्र चाललं होतं.

"फोन खाली ठेवा," आतून आवाज आला. "लाइन तुटली तर मी पुन्हा लावणार आहे."

वाल्मीकराव एका हातानं पंचा आणि दुसऱ्या हातानं ती किंचाळी धरून उभे राहिले.