खटक्यापर्यंत

"हाही नको." त्याने चौथा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"सर, हेडफोन घेताय की जावई शोधताय?" दुकानातली मुलगी म्हणाली.

"जावयाचं कोण ऐकत बसतं? याचं रोज आठ तास ऐकायचंय."

रेकॉर्ड केलेली पुस्तकं बाजारात जाण्याआधी ऐकायची आणि वाचणाऱ्याच्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. वीस वर्षांत याच्या कानातून एक चूक सुटली नाही असं ऑफिसात म्हणत, आणि तोही कधी नाही म्हणत नसे. एक चांगला हेडफोन घरी होताच. ऑफिसात ठेवायला दुसरा हवा होता. आवाज पहिल्याच्या तोडीचा, किंमत मात्र निम्मी.

"एवढ्या पैशात सगळं नाही मिळायचं, सर. खर्ज भरपूर हवा की आवाज मोकळा?"

"मोकळा. घरचा खर्जाचा आहे. त्यात सगळंच गोड लागतं, पण बारीकसारीक बुडून जातं."

ऐकायची खोली काचेची होती. समोर रस्ता आणि पलीकडे बसस्थानक. अशी दोन चांगली दुकानं त्याच्या घराजवळच होती, पण आज त्याला नेमकं हेच आठवलं होतं.

प्रत्येक हेडफोनला त्याची एकच कसोटी. जुन्या कॅसेटवरून फोनमध्ये उतरवून घेतलेलं व्हायोलिन लावायचं. चौथ्या मिनिटाला दाराचा खटका यायचा. तो खटका किती लांब, कुठल्या बाजूला, लाकडाचा वाटतो की पत्र्याचा, यावर हेडफोन पास की नापास. खटका झाला की बंद. पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"वाजवतंय कोण?" मुलीने विचारलं.

"मी. एकोणीस वर्षांचा होतो."

"अय्या! आणि आता?"

"आता ऐकतो."

"मागे ते घर्रर्र काय आहे?"

"समोरच्या सुताराची करवत. सगळा विचका करायची."

"आणि दार?"

"बाबा उठून गेले."

मुलगी पाचवा हेडफोन आणायला गेली.

ती टेप संगीत विद्यालयात पाठवायची होती. "व्हायोलिनवर पोट भरत नसतं," हे बाबांचं पालुपद. शेवटी धाकट्या बहिणीने मध्ये पडून तोड काढली. बाबांनी एकदा बसून ऐकायचं, मग काय ते बोलायचं. टेपरेकॉर्डर उघड्या दाराजवळच्या स्टुलावर ठेवला, शेजारी खुर्चीत बाबा बसले. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण बाबांकडे बघत वाजवायची छाती नव्हती. मध्येच दार लागल्याचा खटका झाला. तो हट्टाने शेवटपर्यंत वाजवत राहिला. मग मागे न बघताच व्हायोलिन पुसलं, पेटीत ठेवलं, आणि वळला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

टेप गेली नाही. व्हायोलिन माळ्यावर गेलं. महिन्याभराने बाबांनी विचारलं, "पाठवलीस का?" जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. त्यानंतर सव्वीस वर्षं बापलेकांत 'हो', 'नाही' आणि 'बघतो' एवढे तीनच शब्द उरले.

फोन वाजला. बहीणच होती.

"दादा, आम्ही गाडीत बसलो. पाचची आहे. कुठे आहेस?"

"कामात आहे."

"अरे, बाबा आता कायमचे माझ्याकडे राहणार. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपायचा नाही. दोन मिनिटं तरी येऊन जा."

तिच्या बोलण्यामागे ओळखीची शिट्टी वाजत होती. बाबांच्या नाकाचं हाड लहानपणीच मोडलेलं. श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. "इंजिन आलं रे!" म्हणत दोघं भावंडं झटपट पुस्तकं उघडून बसायची.

"त्यांनी विचारलं का मला?"

"ते तोंडाने कधी काय विचारतात? खिडकीत बसलेत, सारखे रस्त्याकडे बघतायत."

"मला नाही जमणार," म्हणून त्याने फोन ठेवला.

काचेतून ती गाडी दिसत होती. तिसऱ्या खिडकीतलं पांढरं डोकंही दिसत होतं. पण जो माणूस चार मिनिटांत उठून गेला, त्याच्यासाठी आपण रस्ता का ओलांडायचा?

"हा शेवटचा, सर," मुलगी म्हणाली. "मागून उघडा आहे, म्हणून आवाज कोंडत नाही. हा नाही आवडला तर मी हात टेकले."

त्याने हेडफोन घातला, टेप लावली. हाच घ्यायचा, हे पहिल्या दोन सुरांतच कळलं. व्हायोलिन एकीकडे, करवत एकीकडे. पलीकडे ड्रायव्हर चहाचा पेला ठेवून गाडीत चढला. कंडक्टरने मागचं दार लावून घेतलं.

खटका झाला. डावीकडे, हातभर अंतरावर, चांगला जाड लाकडाचा. पास. त्याने टेप बंद करायला बोट पुढे केलं आणि तेवढ्यात गाडी हलली. बोट तिथेच राहिलं.

व्हायोलिन पुढे चालू राहिलं. करवत थांबली नव्हती. ती नुसती दाराबाहेर राहिली होती.

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली. टेप चालूच होती, आणि दाराच्या अलीकडे, त्याच्या डाव्या कानाशी, एक बारीक शिट्टी श्वासागणिक वाजत होती, शेवटच्या सुरापर्यंत.