शनिवारची यादी

“सापडला! शनिवारचा बॅकअप आहे,” टेबलाखालून डोकं बाहेर काढत कॉम्प्युटरवाला म्हणाला. “त्यानंतरचं मात्र विसरा, ताई.”

रुग्णालयाचा कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला होता. कारकून बाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. नेत्ररुग्णालयात दान केलेल्या बुबुळाची वाट पाहणाऱ्यांची यादी त्यांच्याच हातात असायची. सोमवारी त्यांनी त्या यादीत आपल्या आईला एकोणिसाव्या नंबरावरून पहिल्यावर आणलं होतं. आई भिंत चाचपत स्वयंपाकघरात जायची, तापल्या भांड्याला हात लावून बसायची. बाईंना ते बघवत नव्हतं. दोन कळा दाबल्या, झालं. कुणाला पत्ताही लागला नाही. तेव्हापासून डोळ्याला डोळा मात्र लागला नव्हता.

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ती भरली आणि यादी उघडली. पहिला नंबर एका शिंप्याचा. आई पुन्हा एकोणिसावी.

“मधल्या दिवसांत काही बदललं असेल तर आत्ताच घाला,” कॉम्प्युटरवाला म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या. “बुबुळ आलंय. पहिला कोण?”

सोमवारी बाईंचा हात झटकन चालला होता. आज तो जागचा हलेना.

“शिंपीकाका,” त्या म्हणाल्या.

छातीवरची धोंड उतरली. चला, कुणाचं काही बिघडलं नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी फोन फिरवला. “काका, लगेच निघा. तुमचा नंबर लागला.”

“माझा? काल विचारलं तेव्हा तुम्हीच दुसरा म्हणालात ना?”

“हो, पण… आता पहिला आहे.”

शिंपी हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. “मालकानं वर्षभर माझी जागा धरून ठेवली होती हो. नंबर मागे गेला म्हणून काल मीच त्याला सांगून टाकलं, आता माझी वाट बघू नका. सकाळी माझ्या मशीनवर नवा माणूस बसला.” मग तोच बाईंची समजूत घालू लागला. “जाऊ द्या. दिसायला लागलं की मिळेल काम कुठंतरी. कॉम्प्युटरची चूक, त्याला तुम्ही काय करणार?”

कॉम्प्युटरवाला आपली हत्यारं आवरत होता. डॉक्टरबाई अजून दारातच होत्या. बाईंनी आवाज खाली आणला नाही.

“चूक नव्हती, काका. मी माझ्या आईला तुमच्या पुढे घातलं होतं.”